मॅन्स्टनचे ८९ ट्रक

७ जानेवारी २०१९, सोमवार. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, केंट परगण्यात, मॅन्स्टन नावाचा एक बंद पडलेला विमानतळ आहे. त्या दिवशी पुरतं उजाडायच्या आधीच तिथे मालट्रक येऊन उभे राहू लागले. एकालाही कुठे माल उतरवायचा नव्हता. सरकारनेच त्यांना बोलावलं होतं, वाहतूक कोंडीची रंगीत तालीम करायला. दीडशेपर्यंत ट्रक येतील असा हिशोब होता, आले ८९. सकाळी आठच्या सुमारास पहिली रांग निघाली, वीसेक मैलांवरच्या डोव्हर बंदरापर्यंत गेली आणि वळून परत आली. काही वेळाने दुसरी फेरी झाली. दर ट्रकमागे मालकाला ५५० पौंड मिळाले. गर्दीच्या दिवसांत डोव्हरमधून रोज दहा हजारांच्या घरात ट्रक ये-जा करतात. त्यांची तालीम ८९ ट्रकांवर उरकली.

ब्रिटनला युरोपीय महासंघातून बाहेर पडायला तेव्हा ८१ दिवस उरले होते. ३० मार्चच्या सकाळी डोव्हरच्या फाटकावर ड्रायव्हरने कोणता कागद दाखवायचा, हे त्या ८९ जणांना माहीत नव्हतं आणि त्यांना बोलावणाऱ्या मंत्र्यांनाही नव्हतं.

ब्रेग्झिटचा विषय निघाला की बाहेर पडणं बरोबर की चूक, यावरच वाद रंगतो. तो वाद ब्रिटिश मतदाराचा आहे आणि तो हक्कही त्याचाच. मला खुपतं ते वेगळंच. साडेचार वर्षं एका देशाने आपल्या व्यापाऱ्यांना, कारखानदारांना, शेतकऱ्यांना ‘थांबा, सांगतो’ म्हणून ताटकळत ठेवलं. आणि थांबणं तर त्यांना शक्यच नव्हतं. जहाज भरायचं की नाही, कामगार ठेवायचा की नाही, मेंढी फळवायची की नाही, हे निर्णय संसदेच्या मतदानासाठी खोळंबून राहत नाहीत.

आधी डोव्हरबद्दल थोडं. ब्रिटनच्या मालव्यापाराचा साधारण सहावा हिस्सा या एका बंदरातून जातो. मागे पांढऱ्या खडूचे कडे, पुढे समुद्र. वाढायला जागा नाही. तरीही ते चालायचं, कारण युरोपातून येणारा ट्रक तेव्हा बोटीतून उतरायचा आणि दोन मिनिटांत रस्त्याला लागायचा. दर ट्रकमागे आणखी दोन मिनिटं लागली तर मागे सतरा मैलांची रांग लागेल, असं बंदराच्या व्यवस्थापनानेच सांगितलं होतं. मुंबईच्या वेशीवर मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवर जे उभे राहिले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपले ते नाके १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर उठले. युरोपातल्या देशांमधले नाके १ जानेवारी १९९३ला उठले होते.

ते उठवण्यात पुढाकार ब्रिटनचाच होता, हे आज फारसं आठवलं जात नाही. युरोपची एकल बाजारपेठ कशी उभारायची याचा तीनेकशे कलमी आराखडा १९८५ मध्ये मांडला तो लॉर्ड कॉकफील्ड यांनी, मार्गारेट थॅचर यांनी ब्रसेल्सला पाठवलेल्या माणसाने. एप्रिल १९८८ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये स्वतः थॅचरबाईंनी देशातल्या उद्योजकांना सांगितलं की या बाजारपेठेसाठी तयारीला लागा. उद्योजक लागले. निस्सान, होंडा यांच्यासारख्या जपानी कंपन्या ब्रिटनमध्ये आल्या त्याही युरोपभर विनाअडथळा गाड्या विकता येतील म्हणून.

पुढच्या पंचवीस वर्षांत कारखान्यांची घडीच अशी बसली की देशाची सीमा त्यांच्या हिशोबातून निघून गेली. ऑक्सफर्डला तयार होणाऱ्या मिनी गाडीचा क्रँकशाफ्ट घ्या. तो ओतला जायचा फ्रान्समध्ये. तिथून इंग्लिश खाडी ओलांडून बर्मिंगहॅमजवळच्या हॅम्स हॉलला यायचा, तिथे त्याला भोकं पाडून, घासून-तासून नेमक्या मापाचा करायचे. मग पुन्हा खाडी ओलांडून म्युनिकला, इंजिनात बसायला. इंजिन तयार झालं की तिसऱ्यांदा खाडी ओलांडून ऑक्सफर्डला, गाडीत बसायला. आणि ती गाडी युरोपातच विकली गेली तर चौथी खेप. या चारही खेपांना ना जकात, ना तपासणी. सुटे भाग गोदामात साठवून ठेवायची पद्धतही राहिली नव्हती. आज सकाळी आलेला भाग दुपारी गाडीत बसायचा. म्हणजे फाटकावर ट्रक अडकला की काही तासांत कारखाना थांबणार.

अशा देशाला २३ जून २०१६ला एक प्रश्न विचारला गेला: महासंघात राहायचं की बाहेर पडायचं? मतपत्रिकेवर दोन चौकोन होते. बाहेर पडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ मतं पडली, राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१. टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४८.१.

कौल देणाऱ्यांना मूर्खात काढणं सोपं आहे, आणि ते मला मान्य नाही. खाणी आणि गोद्या बंद पडल्यावर ज्या गावांकडे कोणी वळून पाहिलं नाही, त्यांनी पहिल्यांदाच आपलं मत मोजलं जातंय म्हणून रांगा लावल्या. निर्णय दूर कुठेतरी होतात, ही चीडही खोटी नव्हती. आपल्या हापूसनेही ते पाहिलं आहे. फळमाशी सापडली म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय महासंघाने भारतीय आंब्याला बंदी केली, तेव्हा लंडन-लेस्टरचे फळविक्रेते आपल्या खासदारांकडे गेले, खासदार पंतप्रधानांकडे गेले, आणि पंतप्रधानांना स्वतःच्या अधिकारात ती उठवता येईना. २०१५च्या सुरुवातीला बंदी उठली तीही महासंघाच्याच निर्णयाने.

पण बाहेर पडायचं म्हणजे कुठे जायचं, हे त्या मतपत्रिकेवर नव्हतं. नॉर्वे महासंघाबाहेर आहे पण एकल बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान बाजारपेठेत नाही, मात्र कारखानी मालापुरता सीमाशुल्क संघात आहे. कॅनडाचा नुसता व्यापार करार आहे. आणि काहीच ठरलं नाही तर जागतिक व्यापार संघटनेचे सर्वसाधारण दर, म्हणजे मोटारगाडीवर १० टक्के जकात आणि कोकराच्या मांसावर ४० टक्क्यांहून जास्त. यातल्या कोणत्याही वाटेने गेलं तरी ‘बाहेर पडलो’ असंच म्हणता आलं असतं. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र या चार वाटा म्हणजे चार वेगळे धंदे. डेव्हिड कॅमरन यांच्या सरकारने तर बाहेर पडायची वेळ आली तर काय, याचे आराखडे करायला सरकारी खात्यांना मनाई केली होती. राज्यकर्त्यांच्या या एका वागण्याला मला क्षमा करावीशी वाटत नाही. घर सोडायचं का असं घरच्यांना विचारायचं आणि सामान कुठे न्यायचं ते कागदावर उतरवायलाही बंदी घालायची!

मागचा दाखला म्हणावा तर तो ग्रीनलंडचा. डेन्मार्कच्या त्या बर्फाळ बेटाने फेब्रुवारी १९८२ मध्ये सार्वमत घेऊन तेव्हाचा युरोपीय समुदाय सोडायचं ठरवलं. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, व्यापाराची मुख्य वस्तू मासळी. एवढ्या एका मासळीचा निकाल लावून प्रत्यक्ष बाहेर पडायला १ फेब्रुवारी १९८५ उजाडावा लागला. ब्रिटनच्या निर्यातीपैकी सुमारे ४४ टक्के आणि आयातीपैकी निम्म्याहून जास्त माल-सेवा महासंघाशी बांधलेल्या होत्या.

मतमोजणीच्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर संडरलँडचा निकाल आला: ६१ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. निस्सानचा मोठा कारखाना याच गावाजवळ. निकाल वाचला गेला आणि पौंड कोसळायला लागला. आदल्या संध्याकाळी एका पौंडाला दीड डॉलर मिळत होता, सकाळपर्यंत १.३३च्या खाली-वर, १९८५ नंतरचा नीचांक. आयात करणाऱ्या प्रत्येकाचा माल एका रात्रीत महागला होता. सकाळी कॅमरन यांनी राजीनामा जाहीर केला. चार महिन्यांनी निस्सानने नव्या गाड्या संडरलँडलाच करू असं सांगितलं, पण त्याआधी मंत्र्याकडून आश्वासनाचं पत्र घेतलं होतं. छोट्या कारखानदाराला असं पत्र कोण देणार? आणि २०१९च्या फेब्रुवारीत निस्सानने त्यातली एक गाडी जपानमध्येच करायचं ठरवून टाकलं.

थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. १७ जानेवारी २०१७ला त्यांनी भाषण केलं तेही त्याच लँकेस्टर हाउसमध्ये: एकल बाजारपेठ सोडणार, सीमाशुल्क संघही सोडणार. २९ मार्चला महासंघ सोडण्याच्या कलम ५० खालचं पत्र ब्रसेल्सला पोचलं आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. काय हवं यावर मंत्रिमंडळाचंही एकमत नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षं व्यापार कराराच्या वाटाघाटी ब्रसेल्सनेच केल्या होत्या, त्यामुळे जाणकारही हाताशी नव्हते. मुख्य सल्लागार क्रॉफर्ड फॉल्कनर न्यूझीलंडहून आणावे लागले.

सगळं अडलं ते आयर्लंडच्या सीमेवर. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा, दक्षिणेतलं प्रजासत्ताक महासंघात. पाचशे किलोमीटरची सीमा, दोनशेहून जास्त रस्ते तिला ओलांडून जाणारे. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १० एप्रिल १९९८ला झालेल्या कराराने तिथली लष्करी ठाणी हळूहळू गेली. डब्लिनला तयार झालेली गिनेस बिअर टँकरमधून बेलफास्टला जायची, तिथे बाटल्या-डब्यांत भरली जायची आणि विकायला परत दक्षिणेत यायची. उत्तरेतलं जवळपास एक तृतीयांश दूध दक्षिणेतल्या डेअऱ्यांमध्ये जायचं. ब्रिटन सीमाशुल्क संघाबाहेर पडला तर इथे कुठेतरी फाटक उभारणं आलं. फाटक आलं की पहारा, आणि पहारा आला की काय होतं हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ होतं. जकातीचं फाटक आणि बंदुकीची आठवण एकाच रस्त्यावर आल्यावर नुसता आकडेमोडीचा तोडगा कसा निघणार?

मे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ५८५ पानांचा करार आणला. त्यात ही सीमा उघडी ठेवण्याची हमी होती, ‘बॅकस्टॉप’ म्हणून ती गाजली. १५ जानेवारी २०१९ला कॉमन्स सभागृहाने तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये पुन्हा फेटाळला. २७ मार्चला खासदारांसमोर आठ वेगवेगळे पर्याय ठेवले गेले, सीमाशुल्क संघापासून कराराविना बाहेर पडण्यापर्यंत, आणि सभागृहाने आठच्या आठ नाकारले. बाहेर पडायच्या मूळ तारखेला दोन दिवस होते.

तोपर्यंत देशातली गोदामं तुडुंब भरली होती. काय होईल ते होवो, सहा आठवड्यांचा माल हाताशी असू दे, या विचाराने सगळ्यांनी एकदमच साठा केला. साठ्यात अडकलेला पैसा यंत्रात किंवा पगारात जात नाही, हे किराणा दुकानदारालाही कळतं. औषध कंपन्यांना सरकारनेच जादा सहा आठवड्यांचा साठा करायला सांगितलं होतं. इन्सुलिन जवळजवळ सगळं बाहेरून येणारं. स्वतः मे यांना मधुमेह. आपलं इन्सुलिनही महासंघातल्या दुसऱ्या देशातून येतं, असं त्यांनीच सांगितलं होतं.

वेल्सच्या डोंगरातल्या मेंढपाळाला तर साठाही करता येत नव्हता. मेंढी पाच महिने गाभण असते. एप्रिलमध्ये कोवळ्या गवतावर कोकरू यायला हवं तर नोव्हेंबरात कळपात नर सोडायला लागतो, आणि ते कोकरू विकायला तयार होतं उन्हाळ्याच्या शेवटी, शरदात. ब्रिटनमधून निर्यात होणाऱ्या कोकराच्या मांसापैकी ९० टक्क्यांहून जास्त युरोपात जातं. म्हणजे नोव्हेंबर २०१८ मध्ये, करार सभागृहापुढे यायच्या आधीच, त्या माणसाला ठरवायचं होतं की पुढच्या शरदात आपल्या मालावर जकात शून्य असेल की ४० टक्क्यांच्या वर. त्याने नर सोडला. दुसरं काय करणार होता?

मोटारवाल्यांनी आपल्या परीने शहाणपण केलं. २९ मार्चनंतर सुटे भाग अडकणार असं धरून त्यांनी उन्हाळ्यातली दुरुस्तीची सुट्टी एप्रिलमध्ये ओढली. ऑक्सफर्डचा मिनी कारखाना महिनाभर बंद, होंडा सहा दिवस, आणि टाटा मोटर्सची जग्वार लँड रोव्हर एक आठवडा. सुट्ट्या, पुरवठादारांची वेळापत्रकं, यंत्रदुरुस्तीची कंत्राटं, सगळं महिनोन् महिने आधी बांधलेलं. आणि मग तारीख पुढे गेली. आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर. कारखाने ठरल्याप्रमाणे बंद राहिले. सीमा होती तशीच उघडी होती. त्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधलं मोटार उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास ४५ टक्क्यांनी घसरलं. अडथळा आलाच नाही, त्याच्या भीतीनेच महिना बुडाला.

याची झळ मुंबईपर्यंत आली होती. टाटांनी २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरचे तेव्हा तीन मोठे मोटार कारखाने इंग्लंडमध्ये होते. प्रमुख राल्फ श्पेट यांनी २०१८च्या जुलैतच इशारा दिला होता की वाईट करार झाला तर वर्षाला १.२ अब्ज पौंडांचा फटका बसेल. पुढच्या फेब्रुवारीत टाटा मोटर्सने एका तिमाहीत जवळजवळ २७ हजार कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला, तोवरच्या भारतीय उद्योगातला सर्वांत मोठा. त्यातला मोठा भाग जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेची किंमत कमी करून लिहिण्याचा होता. दोष एकट्या ब्रेग्झिटचा नव्हता. चीनमधली मागणी आटली होती, डिझेल गाड्या लोकांच्या मनातून उतरल्या होत्या. पण या दोन दुखण्यांवर इलाज करायला जो पैसा आणि जे लक्ष लागतं, त्यातला वाटा तारखांच्या मागे धावण्यात गेला. बँक ऑफ इंग्लंडने सार्वमतानंतर लगेच कंपन्यांना दरमहा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. त्या उत्तरांवरून अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा, की बाहेर पडण्याआधीच तीन वर्षांत उद्योगांची गुंतवणूक ११ टक्क्यांनी कमी राहिली.

आणि स्विंडन. गोव्यात हे नाव घराघरात माहीत आहे. १९६१च्या मुक्तीआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनला गेले आणि बरेच या गावच्या गोदामांत, कारखान्यांत स्थिरावले. सार्वमताच्या दिवशी तिथे एक विचित्र गोष्ट घडली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क होता, पोर्तुगालच्या नागरिकांना नव्हता. म्हणजे दोन सख्खे भाऊ एकाच घरात राहत असले आणि एकाने भारतीय पासपोर्ट ठेवला असला, तर तो मत देऊ शकत होता. ज्याचं ब्रिटनमधलं राहणं या निकालावर अवलंबून होतं, त्या दुसऱ्याला मत नव्हतं. १९ फेब्रुवारी २०१९ला होंडाने स्विंडनचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं, ३,५०० नोकऱ्या. कारण ब्रेग्झिट नाही, असं कंपनीने स्पष्ट सांगितलं आणि ते खोटं मानायला माझ्याकडे आधार नाही. पण त्या गावातल्या माणसांना दोन्ही धक्के एकाच पावसाळ्यातल्या दोन सरींसारखे अंगावर आले.

मे यांच्या जागी बोरिस जॉन्सन आले. ३१ ऑक्टोबर काहीही झालं तरी, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. वेल्समधल्या शाही टांकसाळीत त्या तारखेची पन्नास पेन्सची नाणी पाडली गेली. ती तारीखही हुकली. दहा लाखांच्या आसपास नाणी वितळवली गेली आणि ३१ जानेवारी २०२०ची नवी पाडली. डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन ८०च्या बहुमताने आले होते, म्हणून ही तारीख टिकली. त्या रात्री अकराला ब्रिटन बाहेर पडला. ब्रसेल्सच्या घड्याळात बारा वाजले होते. जॉन्सन यांच्या करारात आयर्लंडची सीमा उघडी राहिली, तिच्या बदल्यात तपासणी ठरली ती ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रावर. व्यापारात मात्र दुसऱ्या दिवशी काहीच बदललं नाही. वर्षअखेरीपर्यंत जुनेच नियम चालू राहणार होते आणि नव्या करारासाठी अकरा महिने होते. त्यात महामारी आली.

२० डिसेंबर २०२०च्या रात्री, केंटमध्ये विषाणूचा नवा प्रकार पसरल्याने फ्रान्सने सीमा बंद केली. दोन दिवसांत हजारो ट्रक अडकले आणि त्यांना वळवलं गेलं ते मॅन्स्टनच्या त्याच धावपट्टीवर. या वेळी तालीम नव्हती. पोलंड, रोमानिया, स्पेनचे ड्रायव्हर नाताळला घरी जायला निघालेले, केबिनमध्ये थंडीत बसून राहिले. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यातून शीख स्वयंसेवक छोले-भाताचे गरम डबे घेऊन त्यांच्यापर्यंत गेले. तिथे माणसं अडकलेली असताना, २४ डिसेंबरला करार झाल्याची घोषणा झाली. बारा-साडेबाराशे पानं, आणि ती लागू व्हायला उरले आठ दिवस, त्यात नाताळ.

जकात शून्य राहिली, ही मोठीच गोष्ट. पण माल कुठे तयार झाला याचा दाखला, पशुवैद्याचं प्रमाणपत्र, सीमाशुल्काचे अर्ज हे सगळं १ जानेवारीच्या सकाळी एकदम आलं. स्कॉटलंडची शेवंडं आणि शिंपले युरोपच्या बाजारात ताजे असतानाच विकले जातात; कागद पुरे होईपर्यंत ते कुजू लागले. १८ जानेवारीला मासळीवाले आपले ट्रक घेऊन थेट वेस्टमिन्स्टरला आले. त्या महिन्यात महासंघाला होणारी मालाची निर्यात आदल्या महिन्यापेक्षा ४०.७ टक्क्यांनी पडली. महामारी आणि आधीचा साठा यांचाही त्यात भाग होता, आणि पुढच्या महिन्यांत बरीच भरून निघाली. पण जे छोटे विक्रेते महिन्याला युरोपात चार-दोन पेट्या पाठवायचे, त्यातल्या अनेकांनी तो धंदाच सोडला.

युरोपातून येणाऱ्या खाद्यमालाची तपासणी ब्रिटनने स्वतः सुरू करायची होती. ती पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, असं करत प्रत्यक्ष तपासण्या सुरू व्हायला ३० एप्रिल २०२४ उजाडला. त्यासाठी बंदरांनी आधीच केंद्रं बांधून ठेवली होती. पोर्ट्समथच्या केंद्राला सुमारे अडीच कोटी पौंड लागले. शीतगृहं, तपासणीचे कप्पे, सगळं तयार, आणि नियम बदलल्याने त्यातलं बरंचसं वापराविना. १९ मे २०२५ला लंडनमध्ये पंतप्रधान किअर स्टार्मर आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी जाहीर केलं की खाद्यमालाबाबत नवा करार करायचा, म्हणजे यातल्या बहुतेक तपासण्या उठतील. कधीपासून, याची तारीख त्या दिवशी सांगितली गेली नाही.